मुरायला ठेवलेल्या डब्या

४ सप्टेंबर

चि. टिटवीस, मामाचा आशीर्वाद.

उत्तर लिहायला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो, म्हणजे तुला पहिलं पान माझ्या आळशीपणावर खर्च करावं लागणार नाही.

इकडे ठीक आहे. तुझ्या मामीचा गुडघा जिना दिसला की दुखतो आणि बाजार दिसला की बरा होतो. तिचा धाकटा भाऊ, आपला पैलवान, अजून माझ्याच कारखान्यात पिंपांच्या शेडवर आहे. लग्नाचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. अंगावर मांस म्हणून चढत नाही. लहानपणी थट्टेनं ठेवलेलं नाव आता हजेरीपटावर तेवढं यायचं राहिलंय.

काम तेच. बंदी आलेली, कुणालाच नको असलेली विषारी रसायनं गंजक्या पिंपांतून आमच्याकडे येतात. कितीतरी पिंपांवरच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या असतात. शेडवरची माणसं ती उघडून भट्टीकडे पाठवतात आणि त्यांचे मास्क मी सांभाळतो. सकाळी मास्कच्या खोलीच्या खिडकीत उभा राहून मी एकेकाला मास्क देतो, आणि देण्याआधी मास्कच्या तोंडाशी बसवलेली, हवा गाळणारी प्रत्येक डबी नाकाशी धरून बघतो. वास आला तर डबी बाद. इतकी वर्षं हेच करत आलोय आणि माझ्या खिडकीतून गेलेल्या मास्कनं कुणाला साधी शिंकही आली नाही. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात नीट केली असं मला वाटतं.

आता खरं काम सांगतो. परवा पैलवान खिडकीशी उभा राहून विचारतो, "भाऊजी, विषारी हवा डबीत शिरते आणि चांगली बाहेर येते, मग ते विष जातं कुठं?" डबीत कोळसा असतो एवढं मला ठाऊक. पुढचं ठाऊक नाही. मी वेळ मारून नेली. पण वापरलेल्या डब्यांनी मागची शेड भरत आली आहे, आणि तिच्याजवळून जाताना माणसं उगाच झपाझप चालतात. मलाही तिची भीती वाटते, हे तुझ्या मामीला सांगू नकोस. तुझं तर सगळं शिक्षण ह्याच डब्यांवर चाललंय. मला कळेल अशा भाषेत लिही. फोनवर हे विचारता येत नाही, गेटवर एकच फोन आहे आणि तिथला कारकून कान टवकारून बसलेला असतो.

तुझा मामा


१३ सप्टेंबर

ती. मामांस, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले. पैलवानाला माझ्याकडून सांगा की त्याने विचारलेला प्रश्न विचारण्यासाठीच मला इथं ठेवून घेतलंय.

तुमच्या डबीतला कोळसा आतून नुसता भोकांचा असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांचा. चमचाभर कोळशाच्या आतल्या भिंती सोडवून पसरल्या तर खेळाचं मोठं मैदान झाकून जाईल. हवा त्यातून जाताना विष त्या भिंतींना चिकटतं आणि हवा पुढे जाते. मग ते चिकटलेलं विष तसंच बसून राहतं की त्याचं काही होतं? आमचं सगळं काम ह्या एका प्रश्नावर आहे. आम्ही वापरलेल्या डबीतला कोळसा काढतो, त्याला थोडी ओल देतो, बाटलीत बंद करतो आणि अधूनमधून मोठ्या चुंबकाच्या यंत्रात ठेवून आत काय उरलंय ते बघतो.

आणि मामा, ते मोडतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा विष होतं तसं होतं. काही आठवड्यांनी निम्मं झालं. परवा बघितलं तर सापडलंच नाही. जे तुकडे उरलेत त्यांनी कुणाला काही होत नाही. ओलीनं, सावकाश, कोळशाच्या पोटातल्या पोटात. आमचे सर कुणाला बरं म्हणत नाहीत, ते आकडे बघून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे चांगलं झालं." मी त्या दिवशी दुपारचं जेवायचं विसरले.

तेव्हा पैलवानाला सांगा, विष कोळसा धरून ठेवतो आणि ओल ते मोडते. मागच्या शेडजवळून जरा सावकाश चालत जा म्हणावं. परिषदेसाठी सगळं लिहून काढायचंय म्हणून इथंच थांबते. मामीला गुडघ्याला शेकायला सांगा, आणि ती ऐकणार नाही हेही मला माहीत आहे.

तुमची टिटवी


२९ ऑक्टोबर

चि. टिटवीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मी चहाच्या सुट्टीत खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. खेळाच्या मैदानाचं ऐकून पैलवानाने चमचा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. माझ्या बहिणीची पोर आहे, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होतो, पण चहा संपला.

तुझ्या शिक्षणाचा इथं केवढा उपयोग झाला ते आता ऐक. नव्या डब्यांची खोकी आली नाहीत. साहेबांना विचारलं की म्हणतात, वाटेत आहेत. काम मात्र थांबवायचं नाही, उलट शेडवर मोठा जुना साठा येऊन पडलाय. माझ्या कपाटात डब्या संपत आल्या तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. वापरलेल्या डब्यांतल्या बऱ्या दिसणाऱ्या निवडल्या, बाहेरून पुसल्या आणि धुण्याच्या खोलीतल्या कपाटात ओल्या फडक्यांवर मांडून ठेवल्या. मुरायला ठेवल्या म्हण ना. काही आठवडे जाऊ दिले. मग पहिली डबी माझ्याच मास्कला लावली आणि अर्धा दिवस शेडवर फिरलो. काही झालं नाही. हुंगून बघितली, वास नाही. तेव्हा कुठं दुसऱ्यांना द्यायला लागलो. आता काम संपलं की डब्या परत कपाटात जातात आणि पाळीपाळीनं बाहेर येतात. साहेबांना मी फक्त एवढं म्हणालो की डब्यांचं मी बघतो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पैलवान कुरकुर करतो, पण तो जेवताना पण कुरकुर करतो. त्याला म्हटलं, शहाण्या, तुझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे.

हे सगळं तुला कळवावं असं केव्हापासून मनात होतं. माझ्या पोरीनं केलेलं काम माझ्या खिडकीतून रोज माणसांच्या तोंडावर चढतंय. मला फार बरं वाटतं.

तुझा मामा


३ नोव्हेंबर

मामा,

पत्र आत्ता मिळालं. त्या डब्या बंद करा. आजच्या आज. एकही कुणाला देऊ नका आणि तुम्हीही लावू नका.

मी तुम्हाला जे लिहिलं ते एका रसायनाबद्दल होतं. एकाच. आम्ही ज्यावर काम करतो ते ओलीनं मोडतं, हे खरं आहे, पण तुमच्या पिंपांत काय काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही, मला कुठून माहीत असणार. काही रसायनं कितीही ओल दिली तरी मोडत नाहीत. काही मोडतात आणि मोडून दुसरंच वाईट काहीतरी तयार होतं. आणि मोडलं तरी कोळसा परत नवा होत नाही, ती भोकं भरलेलीच राहतात. वरून तुम्ही ओल दिलीत, म्हणजे उरलेली जागा पाण्यानं भरली.

सगळ्यात वाईट म्हणजे डबी नुसती पडून असली तरी आतलं विष एका जागी बसत नाही. ते सरकत सरकत कोळशाच्या दुसऱ्या टोकाला जातं, तोंडाच्या बाजूला. मग पुन्हा मास्क लावला की पहिल्या काही श्वासांतच बाहेर येतं. डबी जितकी जास्त पडून, तितकं हे जास्त.

मी गेटवर फोन केला. साहेब नव्हते. कारकुनाला सगळं सांगायला माझं तोंड उघडेना, मामा, तुमची नोकरी जाईल असं वाटलं. म्हणून एवढंच म्हटलं, "मामांना सांगा, डब्या नीट तपासून बघा, माझं पत्र येतंय." हे पत्र आजच्या टपालात टाकते. मिळाल्यावर मला दोन ओळी लिहा.

टिटवी


८ नोव्हेंबर

टिटवी,

मी मामी. तुझ्या मामांच्या हातून लिहिणं होत नाही म्हणून मी लिहितेय.

पैलवान दवाखान्यात आहे. रविवारची सुट्टी संपून सोमवारी सकाळी कामावर गेला, मास्क लावून शेडमध्ये शिरला आणि थोड्याच वेळात खोकत बाहेर आला. त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. बरं वाटतंय म्हणाला. दुपारी घरी चालत आला. संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी भरलंय. ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं. फोनचा निरोप शनिवारीच मिळाला होता. कारकुनानं तू म्हणालीस तसंच्या तसं सांगितलं. तुझे मामा सोमवारी नेहमीपेक्षा लवकर गेले आणि एकूण एक डबी त्यांनी तपासली. कशी तपासली, तर हुंगून.

आता मी तुला जे सांगते ते मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. तुझ्या मामांना वास येत नाही. आज नाही, कितीतरी वर्षं. दूध उतू जाऊन करपलं आणि घरभर धूर झाला तरी हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत असतात. मी एकदा विषय काढला तर दोन दिवस बोलले नाहीत. मग मी गप्प बसले. मला काय माहीत की कारखान्यात हे नाकावरच सगळं चालवतात. मला वाटलं, तिथं यंत्रं असतील.

साहेबांनी विचारलं की वापरलेल्या डब्या परत द्यायचं तुमच्या डोक्यात कुणी घातलं. हे म्हणाले, कुणी नाही, माझं मीच केलं. तुझं नाव घेतलं नाही. तुझं पहिलं पत्र शर्टाच्या खिशात आहे, मला ठाऊक आहे. काढून घेतात की काय म्हणून छातीवर हात ठेवून बसतात.

मला तुझा राग आलाय. लपवून ठेवत नाही. ह्यांचा तर त्याहून आलाय. तू शिकलेली आहेस, हे तुला काय मानतात ते तुला माहीत होतं, मग अर्धवट कशाला लिहायचं. पण रागावून बसायला वेळ नाही. डॉक्टर विचारतात, त्यानं नेमकं काय हुंगलं? कारखान्यातलं कुणीच सांगू शकत नाही, पिंपांवर चिठ्ठ्याच नाहीत. तू डबीतलं बघतेस ना? मग पैलवानाच्या डबीत काय आहे ते बघ.

मामी


१२ नोव्हेंबर

मामी,

तू रागाव. मी अर्धंच लिहिलं, कारण मला आनंद झाला होता आणि घाई होती. आणि फोनवर अर्धंच बोलले, कारण मला मामांची लाज राखायची होती. त्या कारकुनाला मी स्पष्ट म्हटलं असतं, तर सोमवारी ती खिडकी उघडली नसती. मला रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवतं.

मी सरांना सगळं सांगितलं. माझी पत्रं, मामांची पत्रं, सगळं. त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आज कारखान्याकडे लेखी मागणी करतील आणि त्यांचा माणूस डबी घेऊन इकडे येईल. तुम्ही एवढंच बघा की पैलवानाचीच डबी मिळाली पाहिजे, दुसरी चालणार नाही. तिची दोन्ही तोंडं बुचांनी घट्ट बंद करायची, दोन पिशव्यांत गुंडाळायची आणि पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवायची. हे मामाच नीट करू शकतील. त्यांना सांग, हातमोजे घालून, आणि नाकाजवळ नेऊ नका.

कारखान्यात आता चौकशी होईलच, तिला मी माझं म्हणणं लिहून पाठवणार आहे. मामांनी ते काम माझ्या पत्रावरून केलं, हे सांगायलाच हवं.

पैलवान बोलतो का? काय म्हणतो?

टिटवी


१६ नोव्हेंबर

चि. टिटवीस,

डबी पाठवली. साहेब म्हणत होते की ती चौकशीसाठी कुलपात राहील. मी म्हणालो, चौकशीला माणूस जिवंत लागतो. आजवर साहेबांशी असं बोललो नव्हतो. डॉक्टरांचा कागद समोर होता म्हणून त्यांना द्यावी लागली. प्रत्येक डबीवर मी रंगानं खूण करतो, त्यामुळे त्याची ओळखायला अडचण आली नाही. तू सांगितलंस तशीच बांधली. मला कामावरून दूर ठेवलंय, पण बांधायला तेवढं आत घेतलं. खिडकीत आता दुसरा माणूस आहे. त्याच्याकडे एक लहानसं यंत्र दिलंय, वायू असला की वाजतं. ते आमच्याच भांडारात पडून होतं म्हणे.

पैलवान डोळे उघडतो, मान हलवतो. नळी लावल्यामुळे बोलता येत नाही. मी रोज जातो आणि बाहेर बाकावर बसतो. आत गेलो तर तो उठून बसायला बघेल, त्याला दम लागेल.

चौकशीला तू काही लिहू नकोस. तू मला डब्या वापरा असं कुठंही लिहिलं नव्हतंस, मी पत्र पुन्हा पुन्हा वाचून बघितलंय. मला जे ऐकायचं होतं ते मी त्यात वाचलं. तुझी परिषद आहे, तुझं नाव व्हायचंय. माझं व्हायचं ते होऊन गेलं. मामीनं तुला माझ्या नाकाचं कळवलंय हे तिनं मला सांगितलं. बाकी कुणाला ते माहीत नाही आणि माहीत होण्याची गरज नाही. मी त्या माणसांना रोज हातानं मास्क चढवत होतो. त्यांना जर कळलं की मी नुसतं डबी नाकाशी धरायचं नाटक करत होतो, तर मी त्या रस्त्यानं परत चालू शकणार नाही. माझं एवढं ऐक.

मामा


२६ नोव्हेंबर

ती. मामांस,

डबी नीट पोहोचली. तुम्ही बांधलं होतं तसं इथं कुणाला बांधता येत नाही.

निकाल डॉक्टरांना फोनवर सांगितलाय, तुम्हाला लिहून पाठवते. आत दोन रसायनं होती. एक ओलीनं मोडलं होतं, पण त्याचं झणझणीत आम्ल झालं होतं, घसा जाळणारं. दुसरं जवळजवळ अजिबात मोडलं नव्हतं आणि सगळं तोंडाच्या टोकाला सरकून बसलं होतं. फुप्फुसाला खरा अपाय त्यानं केला. त्याचा एक वाईट गुण आहे. माणूस बरा होतो, हिंडायला लागतो, आणि काही आठवड्यांनी फुप्फुसं पुन्हा आतून सुजतात. तेव्हा माणूस घरी असला तर वेळेवर काही करता येत नाही. डॉक्टर पैलवानाला ह्याच आठवड्यात घरी सोडणार होते. आता सोडणार नाहीत, आणि औषध आधीच सुरू करणार आहेत.

परिषदेला मी जाणार नाही. सर म्हणाले, जा, आणि हेही त्यात सांग. माझ्यानं उभं राहून बोलवणार नाही.

चौकशीबद्दल मी तुमचं ऐकणार नाही. तुमच्या नाकाचं मी कुणाला सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. पण माझं पत्र माझं आहे. ते मी पाठवलंय, नक्कल माझ्याकडे होती. रागावलात तर रागवा.

टिटवी


१९ डिसेंबर

टिटवी,

अक्षर बघून घाबरू नकोस, मीच आहे, पैलवान. चार शब्द बोललो की धाप लागते, म्हणून नर्सबाईंनी कागद दिलाय. आमची ताई म्हणते की मी बोलायचा थांबलोय हेच घरातलं पहिलं सुख.

तू सांगितलं होतंस तसंच झालं. मी चालायला लागलो होतो, खिडकीपर्यंत जात होतो, आणि पुन्हा एकदम कोसळलो. इथंच होतो म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत, जिना चढायचा तर मध्ये बसायचं. मी म्हटलं, मग आता मी आणि ताई एकाच पायरीवर बसू. शेडवर परत जाता येणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं लिहायला मात्र कागद मागितला नव्हता. उद्या चौकशीचे साहेब माझी जबानी घ्यायला येणार आहेत. भाऊजी म्हणतात सगळी चूक त्यांची. तू लिहून पाठवलंस की चूक तुझी. तुम्ही दोघं माझ्या दुखण्यावरून भांडताय आणि मला कुणी काही विचारलेलं नाही.

भाऊजींना वास येत नाही हे आम्हाला माहीत होतं. मला एकट्याला नाही, शेडवरच्या सगळ्यांना. मागे एकदा एकाच्या बुटांवर पिंपातलं काहीतरी सांडलं होतं आणि तो तसाच खिडकीशी आला. आम्ही सगळे तोंड फिरवून उभे, आणि भाऊजी शांतपणे त्याच्या मास्कची काच पुसत होते. त्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांना त्या खोलीतून हलवलं असतं. भाऊजींसारखा मास्क कुणी चढवत नाही, टिटवी. पट्टा ओढताना कानामागचा केससुद्धा अडकू देत नाहीत.

मग आम्ही आपसात एक पद्धत पाडली. खिडकीशी मास्क बसवून घेतला की शेडच्या वळणावर थांबायचं, तो उतरवायचा आणि ज्याची डबी त्यानं हुंगायची. वास आला तर परत खिडकीशी जायचं आणि म्हणायचं, पट्टा सैल आहे, काच धूसर दिसते, काहीही. भाऊजी मास्क बदलून द्यायचे. असं कितीतरी वर्षं चाललं आणि कुणाला काही झालं नाही. ते म्हणतात ना की त्यांच्या खिडकीतून गेलेल्या मास्कनं कुणाला शिंक आली नाही, ते असं.

त्या सोमवारी मला वळणावर वास आला. चांगलाच आला. मी परत गेलो आणि म्हटलं, भाऊजी, पट्टा तुटायला आलाय. त्यांनी पट्टा ताणून बघितला, पट्टा धडधाकट. मी म्हटलं, मग दुसरा द्या. ते म्हणाले, दुसरी डबी नाही. मी तसाच उभा. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टिटवीचा निरोप होता म्हणून आज एकेक डबी दोनदोनदा हुंगलीय. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

माझ्यामागे सगळी रांग उभी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की तुम्हाला वास येत नाही. एक वाक्य. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "आहे की." आणि तिथंच त्यांच्यासमोर मास्क चढवला. त्यांनी पट्टा ओढून दिला.

तर हे असं आहे. तू लिहिलंस ते अर्धं होतं, भाऊजींनी केलं ते चूक होतं, पण मला वास आला होता आणि मी तरी घातला. उद्या मी हे सगळं सांगणार आहे. खोटं बोललो तर पुढच्या खिडकीत उभं राहणाऱ्याला लोक असंच सांभाळून घेत राहतील.

पण साहेबांच्या तोंडून भाऊजींना कळायला नको. ते बाहेर बाकावर बसलेत. रोज येतात, आत येत नाहीत, मला दारातून त्यांची चप्पल दिसते. त्यांना अजून वाटतं की हे फक्त त्यांना, ताईला आणि तुलाच माहीत आहे. शेडमध्ये शिरताना मला कधी भीती वाटली नाही, आत्ता वाटतेय. पत्र इथंच बंद करतो. नर्सबाईंना सांगतो की त्यांना आत पाठवा.

पैलवान